सेनापतीचा पाव

सरांच्या खोलीत जाताना चपला नव्हे, आवाज बाहेर काढून ठेवावा लागे. खुर्च्यांच्या पायांना त्यांनी टेनिसचे जुने चेंडू कापून बसवले होते. टेबलावरचा फोन वाजत नसे. त्याचा तांबडा दिवा तेवढा लुकलुके आणि सरांना वाटले तर ते तो उचलत. साइटवर वॉकीटॉकी बाळगणे सक्तीचे होते, म्हणून सर तो एका लोकरीच्या मोज्यात घालून कमरेला अडकवत. मोज्यातून जेवढे ऐकू येते तेवढेच ऐकण्याच्या लायकीचे असते, असे त्यांचे मत होते.

कार्यालयातले टपाल, हजेरी आणि माणसांचे रुसवेफुगवे सांभाळायला वसईच्या फिलोमिनाबाई होत्या. सरांना न घाबरणाऱ्या त्या एकट्याच. एकदा त्यांनी विचारले, "सर, प्रिंटर फार कुरकुर करतो. त्याला पण म्यूट करू का?"

"करता येत असेल तर करा," सर गंभीरपणे म्हणाले.

"मला कुठे येतंय. मी अजून नवऱ्याला नाही करू शकले."

सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रिंटर पोर्टा केबिनच्या बाहेर, पत्र्याच्या पडवीत गेला होता आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर एक जुना टॉवेल पांघरलेला होता.

हे सारे कतारमधले, विश्वचषकाच्या आधीच्या वर्षांतले. दोहाच्या दक्षिणेला, अल थुमामाच्या बाजूला, रस्ते, नाले आणि वाहनतळ बांधण्याचे काम आमच्या कंपनीकडे होते. साऱ्या शहराला तेव्हा एकच घाई झालेली होती. सर पुरवठ्याचे प्रमुख. खडी, सिमेंट, सळ्या, डिझेल, पाण्याचे टँकर, माणसे वाहणाऱ्या बसेस, सगळे त्यांच्या हातून जाई. मी त्यांचा दुय्यम होतो. ते माझ्याहून बरेच मोठे, पण मलाच काय, ट्रकच्या क्लीनरलाही ते कधी एकेरी हाक मारत नसत.

आणि त्यांना एका माणसाचे वेड होते. तो माणूस म्हणजे सेनापती. आपल्याकडचा नव्हे. चारशे वर्षांपूर्वी युरोपात धर्माच्या नावाने तीस वर्षे युद्ध चालले, त्यात सम्राटाच्या बाजूने लढलेला बोहेमियाचा एक सरदार. पूर्वीच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, तसे सर त्याचे नाव घेत नसत. नुसते 'सेनापती' म्हणत. फिलोमिनाबाई नवीन असताना त्यांची बरेच दिवस समजूत होती की हे सरांचे कोणी निवृत्त मामा असावेत आणि त्यांची तब्येत बरी नसावी.

तरुणपणी नाशिकच्या एका कारखान्याने सरांना यंत्रे शिकायला चेक देशात पाठवले होते. ऐन हिवाळा, भाषा येत नाही, आणि राहायला दिलेल्या खोलीतला हीटर बिघडलेला. गावात सेनापतीचा महाल होता. त्याचे संग्रहालय केलेले होते आणि आत ऊब होती. सर दर रविवारी तिकीट काढून तिथे जाऊन बसत.

"मी इतिहासासाठी गेलो नाही," ते सांगत, "उबेसाठी गेलो. पण बाक होतं ते नेमकं त्याच्या चित्रासमोर. नुसतं बघून बघून किती रविवार बघणार? मग वाचायला घेतलं."

सेनापतीची कारकीर्द आम्हाला कधी सलग ऐकायला मिळाली नाही. ती आम्हाला गाडीत, बंदरावर, सिमेंटच्या गोदामात तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. "लोक त्याला लढवय्या म्हणतात," सर म्हणत. "लढाया त्याने मोजक्याच केल्या. बाकीचा वेळ तो पाव भाजत होता. सम्राटाकडे ना पैसा, ना सैन्य. हा म्हणाला, मी उभं करतो. बाकीचे विचारत बसले, एवढी माणसं लढवणार कशी? ह्याने विचारलं, ती जेवणार काय? स्वतःच्या जहागिरीत भट्ट्या लावल्या. पाव तिथे, बूट तिथे, बंदुकीची दारू तिथे. आजूबाजूच्या मुलखाची राख झाली आणि ह्याच्या जहागिरीत गहू उभा."

"पण ती राख ह्याच्याच सैन्याने केली ना, सर?" मी एकदा विचारले. तेव्हा मीही थोडे वाचले होते.

"केली," ते म्हणाले. "आपल्या गावात पाव आणि दुसऱ्याच्या गावात जाळपोळ. मी त्याला देव म्हणून सांगत नाही. उदाहरण म्हणून सांगतो."

सेनापतीलाही आवाज सहन होत नसे. तो ज्या गावात मुक्कामाला उतरे तिथले कोंबडे आणि कुत्री आधी मारून टाकत, असे म्हणतात. हे सांगताना सर जरा ओशाळत. "मी प्रिंटर मारला नाही, फक्त हलवला," असे त्यांनी फिलोमिनाबाईंना बजावून सांगितले होते.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक व्याख्यान ठेवतात. एका वर्षी सरांना आग्रह झाला. विषय त्यांनी आधीच कळवला होता. कार्यकारिणीने तो वाचला आणि माणूस जाणता आहे, फिरून शेवटी आपल्या इतिहासावर येईलच, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. मुलांना भगवे फेटे बांधून पहिल्या रांगेत बसवले. सर तासभर बोहेमियाच्या बाहेर पडले नाहीत.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा पुण्याचे एक गृहस्थ उठले. तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. "व्याख्यान छान झालं. पण मला एक सांगा, आपल्याकडे काय सेनापतींचा तुटवडा होता?"

सभागृह हसले. सर थांबले. हशा पूर्ण ओसरल्याशिवाय ते बोलत नसत.

"आपल्या सेनापतींना सांगणारे पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "ह्याला कोणी नाही. चेक म्हणतात, तो जर्मनांचा. जर्मन म्हणतात, चेकांचा. कॅथलिकांना तो आतून प्रॉटेस्टंट वाटायचा आणि प्रॉटेस्टंट त्याला बाटगा म्हणायचे. जन्मभर दुसऱ्यासाठी राबला, घर बांधलं आणि त्या घरात राहायला काही मिळालं नाही. मला वाटलं, कतारमध्ये तरी त्याला श्रोते मिळतील."

एक पंखा कुठेतरी करकरत होता, तो तेवढा ऐकू आला. मग पहिल्या रांगेतल्या एका फेटेवाल्या मुलीने हात वर केला. "अंकल, बट डिड ही विन?"

"जेवढ्या लढाया टाळता आल्या, तेवढ्या तो सगळ्या जिंकला," सर म्हणाले. मुलीने मागे वळून आईकडे पाहिले. घरी गेल्यावर सांगते, अशी आईने खूण केली. पुढच्या वर्षीपासून व्याख्यानाला पुण्याहून वक्ता आणायचा ठराव झाला.

मुऐदरला एका व्हिलाच्या अर्ध्या भागात सर आणि वहिनी राहत. दारावरची घंटा सरांनी काढून टाकली होती. आलेल्या माणसाने आतून दिसेल असे उभे राहायचे. कुकरची शिट्टी सर कामावर गेल्यानंतरच व्हायची, हा त्या घरचा जुना नियम. "शेजारणीला वाटतं, मी नवऱ्यापासून चोरून काहीतरी शिजवते," वहिनी सांगत. "डाळ शिजवते हो. डाळ."

एकदा सरांच्या पायाचा अंगठा सुजला आणि डॉक्टरांनी युरिक ॲसिडचे निदान केले. सरांचा चेहरा उजळला, कारण सेनापतीला तोच विकार होता. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा भावजी. त्याची जहागीर घ्यायची सोडून ह्यांनी त्याचा पाय घेतला."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमचे कामगार बिरकत अल अवामेरच्या वस्तीत राहत. त्यांचे दुपारचे जेवण तिथे पहाटे शिजे, डब्यांत भरले जाई आणि माणसांच्याच बसमधून साइटवर येई. उन्हाळ्यात जेवणाच्या वेळेपर्यंत त्या डब्यातला भात आंबून जाई. हे सगळ्यांना ठाऊक होते. मलाही होते. एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि तिचे झाकण उघडून पाहणे, या दोहोंमध्ये माणूस किती आरामात राहू शकतो याचा विचार मी पुढे पुष्कळ केला.

एका दुपारी विश्रांतीच्या मांडवात भांडण पेटले आणि त्याचा गोंगाट सरांच्या खोलीपर्यंत आला. सर वैतागून उठले आणि उन्हातून चालत मांडवात गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी वाकून एक डबा उचलला, उघडला, वास घेतला, पुन्हा बंद केला. परत येताना वाटेत म्हणाले, "आवाज कुठून येतो ते सापडलं."

पुढच्या बैठकीत त्यांनी साइटवरच स्वयंपाकघर करायची मागणी केली. आमच्या संचालकांना सगळे 'मुदीर' म्हणत. अरबीत साहेबाला तोच शब्द. जेवणाचा ठेका मुदीरच्या मेहुण्याकडे होता. मुदीरने टेबलावर हात आपटला. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा सर उठले, बाहेर गेले आणि आपल्या गाडीत एसी लावून बसले. फिलोमिनाबाईंच्या हाती त्यांनी निरोप पाठवला: आपटणे संपले की बोलवा.

कोणी बोलावले नाही. इतर विभागप्रमुखांचा राग आधीपासूनच साठलेला होता, कारण सरांना विचारल्याशिवाय साइटवर सिमेंटचे पोतेही हलत नसे. हा माणूस कंपनीपेक्षा मोठा झाला आहे, असे एकेकाने जाऊन मुदीरच्या कानावर घातले. महिना उलटायच्या आत सरांना घरी पाठवण्यात आले. सेनापतीलाही पहिल्या खेपेला असेच काढले होते; बाकीच्या राजेरजवाड्यांनी सम्राटाकडे तक्रारी केल्या आणि सम्राटाला त्या सोयीच्या वाटल्या. सर जाताना मला म्हणाले, "ही पहिली बडतर्फी. पहिली नेहमी सभ्य असते."

पुढल्या उन्हाळ्यात शेजारी देशांनी एकाएकी सीमा बंद केली. रस्त्याने जे जे येई ते थांबले. दुकानांतले दूध संपले आणि आमच्या साइटवरची खडी संपली. सरांच्या जागी आलेल्या माणसाला ट्रक ठाऊक होते, जहाजे ठाऊक नव्हती. मी रजेवर पुण्याला निघालो होतो. मुदीरने मला बोलावून विचारले, पुण्याहून नाशिक किती लांब? मी सांगितले. "यल्ला," मुदीर म्हणाला, "मग जा आणि त्याला घेऊन ये. अट विचारायची नाही. सांगेल ती मान्य."

नाशिकच्या घरी वहिनींनी दार उघडले. "भावजी, चहा घ्या आणि जसे आलात तसे परत जा."

सर गॅलरीत बसले होते. खिडक्यांच्या फटींना त्यांनी रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या. मी काय सांगायला आलो होतो ते त्यांना माझ्याकडे पाहूनच कळले असावे.

"त्या सेनापतीला दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा पुढे काय झालं ते माझं पाठ आहे," वहिनी मला म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. शत्रू अंगावर आला तेव्हा सम्राटाला ह्याची आठवण झाली. काम झालं, आणि मग स्वतःच्याच माणसांनी बिछान्यात मारला."

"बिछान्यात नाही," सर म्हणाले. "उठून खिडकीशी आला होता."

"बघा. ह्यांना काळजी कशाची आहे."

मी मुदीरचा निरोप सांगितला. मला वाटले होते की सर सगळ्या विभागांवर अधिकार मागतील, ज्यांनी चहाड्या केल्या त्यांची बदली मागतील, निदान माफी तरी मागून घेतील. सेनापतीने दुसऱ्या खेपेला सम्राटाकडून सगळे लिहून घेतले होते. मीच ते त्यांच्याकडून ऐकले होते. सरांनी चहा संपवला. बशीवर कप ठेवतानासुद्धा त्यांचा आवाज होत नसे.

"साइटवर स्वयंपाकघर," ते म्हणाले. "तिथे शिजेल, तिथेच वाढतील. माझ्या हाताखाली."

"आणि?"

"आणि काही नाही."

"पगार?"

"होता तो."

वहिनींनी हातातला ट्रे खाली ठेवला. "म्हणजे जाणार."

"उपाशी माणसांचा आवाज इथपर्यंत येतो," सर पडेल स्वरात म्हणाले. "काय करू?"

"माझा इथल्या इथे येत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी बॅगा माळ्यावरून काढायला घेतल्या.

त्या उन्हाळ्यात सरांनी जे केले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे होते. खडी ओमानच्या बाजूने जहाजावर चढली. सळ्या आणखी लांबून आल्या. मी त्यांना फोनवर मोठ्याने बोलताना तेव्हा प्रथमच ऐकले, कारण बंदरावरच्या माणसाला ऐकू येत नव्हते. बोलून झाल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून बसून राहिले. आणि या सगळ्याच्या आधी, आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, त्यांनी पत्र्याची एक लांब शेड उभी करवून घेतली. मोठी पातेली आली, पंखे लागले, बाके लागली. बिहारकडचा एक आचारी, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो आणि त्याची माणसे कामाला लागली. डाळ, भात, एक भाजी, रोट्या, आणि लबन म्हणजे इथले ताक.

पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळेला सर खोलीतून बाहेर येऊन हात मागे बांधून उभे राहिले.

"ऐकताय?" त्यांनी मला विचारले.

मी कान दिला. "काय, सर?"

"काही नाही ना? तेच."

पण ज्या कामासाठी बोलावले ते पार पडले की बोलावलेला माणूस जड होतो. जहाजांची घडी बसली. ती आता कोणालाही चालवता येण्यासारखी झाली, आणि हीच सरांची खरी कर्तबगारी होती. विश्वचषक जवळ येत गेला तसे आमचे काम उरकत आले. मुदीरचा मेहुणा पुन्हा कार्यालयात दिसू लागला. सर आहेत तोवर स्वयंपाकघर आहे, आणि गरज आहे तोवर सर आहेत, हे आम्ही सगळेच मनातल्या मनात समजून होतो.

एके सकाळी मुदीरने मला बोलावले. खजूर पुढे केले, कहवा ओतला. सगळे विभागप्रमुख एकमताचे आहेत, तो म्हणाला. सरांचा करार वाढवायचा नाही, आणि त्यांची जागा मी घ्यावी.

मी विचारले, "स्वयंपाकघराचं काय?"

"तू पाहणार असशील तर पाहा. काम वेळेत झालं की मला त्यात रस नाही. तू नाही म्हणालास तर दुसरा माणूस माझ्याकडे आहे. तो आला की जेवण बिरकतहून येईल, पहिल्यासारखं. खलास." उद्यापर्यंत सांग, असे म्हणून त्याने माझा हात हातात घेतला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याने माझ्यापुढे काय ठेवले आहे हे त्याला माझ्यापेक्षा स्पष्ट दिसत होते, इतकेच.

त्याच संध्याकाळी मी मुऐदरला गेलो आणि आतून दिसेल असा उभा राहिलो. सरांनी दार उघडले. मी बसायच्या आधीच सगळे सांगून टाकले.

"कोण कोण?" त्यांनी विचारले.

मी नावे सांगितली.

"सगळेच?"

"सगळेच."

"फिलोमिनाबाई?"

"त्यांना कोणी विचारलं नाही."

"विचारणार नाहीतच. त्या मोठ्याने बोलतात." ते खिडकीशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्ही सांगायला आलात, इतिहासात बिघाड केलात. सेनापतीला कोणी सांगितलं नव्हतं. आता मला नोटीस येईल तेव्हा आश्चर्य वाटल्यासारखं करावं लागेल. मला ते जमत नाही."

"सर, मी नाही म्हणणार आहे."

ते माझ्यासमोर येऊन बसले, पाय हळूच स्टुलावर ठेवला. अंगठा पुन्हा सुजला होता.

"सेनापतीला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल मी फार शोधलंय," ते म्हणाले. "मारणाऱ्यांपैकी कोणाला कुठली जहागीर मिळाली, कोणाला पदक मिळालं, सगळं लिहिलेलं आहे. पण त्या सकाळी सैन्याला पाव मिळाला का, हे एकाही पुस्तकात नाही. एवढी माणसं होती. त्यांना भूक लागलीच असेल. भट्टीपाशी कोणीतरी असेल ना? त्याने ती पेटवली की तोही धन्याच्या दुःखात बसून राहिला?"

त्यांनी स्टुलावरचा पाय सावरला.

"तुम्ही नाही म्हणालात तर तुमचं नाव चांगलं राहील. मीही चारचौघांत सांगेन, एक माणूस माझ्या बाजूने उभा राहिला. फक्त जेवण बिरकतहून येईल."

"आणि हो म्हणालो तर?"

"तर मी तुमच्याबद्दल वाईट बोलेन. तेवढा हक्क मला राहू द्या."

मी दुसऱ्या दिवशी हो म्हणालो. तेव्हापासून आजपर्यंत मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो आहे: मी ती खुर्ची स्वयंपाकघरासाठी घेतली, की खुर्ची हवीच होती आणि स्वयंपाकघर हाताशी सापडले? सरांनी मला परवानगी दिली, हे खरे. पण परवानगी ऐकताच छातीवरचे ओझे उतरल्यासारखे जे वाटले, ते नेमके कशाचे ओझे होते, हे मला सांगता येत नाही. ज्याने आपल्याला इतक्या सहज मोकळे केले त्याचे आभार मानताना माणसाने जरा सावध असावे, एवढेच मला उमगले आहे.

नोटीस घेऊन दोघे जण आले तेव्हा सरांनी त्यांना बसवले, कहवा मागवला, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली. आश्चर्य वाटल्यासारखे त्यांनी केले नाही. गोदामाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या त्या रुमालात गुंडाळून. फिलोमिनाबाई दारात उभ्या राहून रडत होत्या, तेही त्या खोलीचा रिवाज सांभाळून. सर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही पण?" एवढेच म्हणाल्या. पुढे कितीतरी महिने त्या माझ्याशी कामापुरते बोलत.

सर आणि वहिनी ज्या दिवशी नाशिकला पोहोचले त्या दिवशी जेवणाच्या वेळेला मी शेडमध्ये गेलो. दाराशी उभा राहून पाहिले. पातेल्यांतून वाफ येत होती. माणसे रांगेने ताटे घेत होती, बसत होती, जेवत होती. एका सळ्या बांधणाऱ्याने मला विचारले, "बड़े साहब छुट्टी पे गए क्या?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याला कळले नसावे. तो ताटाकडे वळला.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"जेवण?"

"वेळेवर झालं, सर."

"गरम?"

"वाफ येत होती."

"मीठ?"

"सर, मी जेवलो नाही. नुसता उभा होतो. तिथे बसून माझ्या घशाखाली घास उतरला नसता."

"का?"

"मला वाटलं, मला तो हक्क नाही. तुम्ही गेलात आणि मी..."

"तुम्हाला काय वाटलं त्याचा डाळीशी काय संबंध?" सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता; मला फोन कानाशी दाबून धरावा लागला. मागे वहिनी कोणाला तरी खिडकी उघडायला सांगत होत्या. "एवढ्या माणसांचं जेवण, आणि ते चाखलं कोणी? उद्या पंक्तीला बसा. जेवा. मग तुमचं दुःख सांगा." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभा राहून ताट घेतले. बाकावरची दोन माणसे सरकली आणि त्यांनी मला मध्ये जागा दिली. "आज इधर, साहब?" त्यांतला एक म्हणाला. "हाँ," मी म्हणालो, आणि डाळभात कालवून पहिला घास घेतला. मीठ कमी होते. मी उठलो आणि उस्तादला जाऊन सांगितले. त्याने पळीतली डाळ तळहातावर घेऊन चाखली, मान डोलावली, मूठभर मीठ टाकले आणि पातेले ढवळायला घेतले. अजून निम्म्या माणसांना वाढायचे होते.